भांडं कुणी हलवलं?

मागच्या भागात लेन्सवर बोललो, तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं की तुझा तो शिक्र्याचा फोटो कसा काढलास. आज तेच सांगतो. पण पूर्ण सांगतो, म्हणजे जे त्या पोस्टमध्ये लिहिलं नव्हतं ते पण.

आमचं घर वाईजवळ. मार्च-एप्रिलमध्ये मी तिथूनच काम करत होतो. मागे आजीचा परस आहे. आंबा, शेवगा, कडीपत्ता आणि जास्वंदीचं एक माजलेलं कुंपण. कुंपणाला अगदी चिकटून पाण्याचं पसरट मातीचं भांडं. बुलबुल, साळुंक्या, सातभाई, सगळ्यांचा पाणवठा तोच.

एका सकाळी, स्टँडअप कॉल चालू असताना, परस अचानक गप्प झाला. खार तेवढी चिरकत होती. बघतो तर शेवग्यावर शिक्रा! पारव्याएवढा पक्षी, पाठ तपकिरी-राखाडी, डोळा पिवळा. म्हणजे मादी. नराचा डोळा वयाबरोबर लाल होत जातो आणि तो आकाराने लहान असतो. कॉलवर मी काय बोललो ते आठवत नाही, आणि बहुतेक टीमलाही आठवत नसावं.

शिक्रा घारीसारखा आभाळात घिरट्या घालत बसत नाही. पानांच्या आड दगडासारखा बसतो आणि मग एकदम सुटतो. पंख आखूड, गोलसर, शेपटी लांब. त्यामुळे फांद्यांमधून झोकांड्या घेत जाता येतं. सगळा खेळ दोन-तीन सेकंदांचा. तुम्ही कॅमेरा उचलेपर्यंत संपलेला. शटर स्पीड निदान १/२००० तरी हवा, आणि झाडाखाली सावली, त्यामुळे आयएसओ ३२००, ६४०० असा चढतो आणि फोटोत नुसते दाणे. पहिल्या आठवड्यात माझ्याकडे काय होतं? खिडकीचे गज, हललेली शेपटी आणि जास्वंदीची शंभर पानं, एकदम शार्प!

मग मी इंजिनिअरसारखा विचार केला. पक्षी हलवता येत नाही, उजेड हलवता येत नाही. भांडं हलवता येतं.

दुपारी भांडं उचललं आणि कुंपणापासून सहा-सात फूट पुढे, उन्हात ठेवलं. मागे जुनी भिंत, स्वच्छ बॅकग्राउंड. फोकस भांड्याच्या काठावर लावून खिडकीत बसलो. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेआठच्या सुमारास एक बुलबुल प्यायला उतरला. तो उडाला, कुंपणाकडेच निघाला होता, आणि मध्येच ती आली. अकरा फ्रेम मिळाल्या. त्यातली एक, काय सांगू, पिवळ्या डोळ्यात प्रकाशाचा ठिपका, नखं पुढे, खाली पाण्याचे थेंब. मी खुर्चीतून उडालोच.

संध्याकाळी आजीला मोबाईलवर दाखवला. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, "अरे, भांडं इथं कुणी आणलं?"

मी म्हटलं, "मीच. उजेडासाठी."

"कुंपणाला लागून ठेवत होते मी. पाखराला झटकन आत शिरता येतं."

एवढंच. ती भाकरी करायला गेली. दुसऱ्या दिवशी दिसलं की जास्वंदीत बुलबुलाचं घरटं होतं. दोन पिल्लं. एकच बुलबुल किडे घेऊन येत होता, सारखा, सारखा. चार दिवसांनी एक पिल्लू फांदीवर बसलेलं दिसलं. दुसरं घरट्यात निपचित होतं. एकट्याला पुरं पडलं नाही म्हणून गेलं की आणखी कशाने, ते ठरवायला माझ्याकडे काही नाही. पण ते सहा फूट मी मोजून ठेवलेले आहेत.

शिक्र्यावर माझा राग नाही हां. तिलाही खायचंच आहे, कदाचित तिचीही पिल्लं असतील. ती एरवीही त्या परसात येतच होती, सरडे उचलत होती. फक्त त्या सकाळचा सापळा मी लावला होता.

याच काळात एका मित्राने एका फोटो स्पर्धेची लिंक पाठवली. फॉर्म भरत गेलो. शेवटून दुसरा प्रश्न होता: पक्षी जवळ यावा म्हणून काही मांडणी केली होती का? हो, नाही. माझा कर्सर 'नाही'वर गेला, खोटं नाही सांगत. पाणी तर आधीपासूनच होतं ना, असं मनात वकिली पण सुरू झाली! टॅब दोन दिवस उघडा होता. मग बंद केला आणि इन्स्टाच्या पोस्टखाली लिहिलं की भांडं मी हलवलं होतं. दोन-तीन जणांनी 'एवढं काय त्यात' असं लिहिलं. एकाने विचारलं, किती फूट हलवलंस, मलाही करायचंय. त्याला उत्तर दिलेलं नाही, म्हणून हा भाग.

भांडं आता परत कुंपणाला चिकटून आहे. शिक्रा येते. परवाचा फोटो आहे माझ्याकडे: शेवग्याच्या पानांआडून अर्धा चेहरा आणि चोचीतून लोंबणारी सरड्याची शेपटी. आयएसओ ६४००, भरपूर दाणे. आजीने तो तिच्या फोनवर मागून घेतलाय.