जुन्या डब्याचा अल्टरनेटर आणि आपली मागणी
(शाखेच्या कामगार मेळाव्यातील भाषण)



पगार, महागाई भत्ता आणि बढत्या यांवर आपण नेहमीच बोलतो. आज डब्याखाली टांगलेल्या एका यंत्राविषयी बोलू. डब्यात अंधार झाला की प्रवाशाचा राग समोर दिसेल त्या कर्मचाऱ्यावर निघतो आणि नंतर चौकशी होते ती ट्रेन लायटिंगच्या फिटरची. रेल्वे मेल सर्व्हिसच्या डब्यात रात्रभर उभे राहून टपालाची वर्गवारी केलेल्या आपल्या टपाल बंधूंना दिवा मंदावल्याचा त्रास वेगळा सांगायला नको.

पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत १९५५ पासून डबे बांधले जाऊ लागले. जुन्या पद्धतीच्या डब्यांचे उत्पादन तेथे २०१८ साली थांबले. नव्या एलएचबी गाड्यांना वीज बहुतांशी पॉवर कारमधून किंवा इंजिनातून मिळते. जुना डबा मात्र आपली वीज आपणच तयार करतो. चाकाच्या आसावरील पुली बेल्टने अल्टरनेटर फिरवते. त्याची वीज रेक्टिफायर-रेग्युलेटरमधून जाऊन ११० व्होल्टच्या दिव्यापंख्यांना मिळते आणि बॅटरी भरते. साध्या डब्याचा अल्टरनेटर साडेचार किलोवॅटचा, वातानुकूलित डब्याचा २५ किलोवॅटपर्यंतचा असतो.

एखादा अल्टरनेटर बंद पडला तर आधी बॅटरी उतरते. मग शेजारच्या डब्यातून तात्पुरती वीज घेतात. गाडी पुढे जाते, पण एका अल्टरनेटरवर दोन डब्यांचे ओझे पडते. हीच तात्पुरती सोय फेरीमागून फेरी चालू राहिली, तर दुसऱ्या डब्याची बॅटरीही मार खाते. माणसांच्या रिकाम्या जागांचेही असेच होते, हे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे.

पण वीज येत नाही म्हणून लगेच अल्टरनेटरला दोष देऊ नये. बेल्ट तुटले, सैल झाले किंवा वाटेत निघून पडले तरी हेच लक्षण दिसते. फ्यूज, फील्डची वायर, जंक्शन बॉक्समधील जोड, रेग्युलेटर हे सर्व आधी पाहावे. मग बेल्ट काढून पुली हाताने फिरवावी. खरखर आली, अडकली किंवा हलली तर बेअरिंग गेले समजावे. वायरी सोडवून मेगर लावावा. वाइंडिंग बॉडीला लागले असेल तर अल्टरनेटर उतरवलाच पाहिजे.

उतरवताना घाई नको. रेक लाल झेंडीने संरक्षित केल्याशिवाय आणि बॅटरीचे फ्यूज काढल्याशिवाय कोणी खाली जाऊ नये. हे वजन एकट्या माणसाच्या खांद्याचे नाही. त्याला उचलण्याचे टेबल आणि पुरेसे हात लागतात. नवा बसवताना हँगर पिन आणि तिचा बुश झिजलेला नाही ना, हे पाहावे. स्प्लिट पिन व सेफ्टी चेन विसरू नये. धावत्या गाडीखाली अल्टरनेटर सुटून पडला तर तो अपघातच आहे. दोन्ही पुली एका रेषेत असाव्यात. बेल्ट पूर्ण संच एकदम बदलावा. जुन्यात एखादा नवा मिसळला की ताण सारखा बसत नाही आणि नवा लवकर संपतो. नवे बेल्ट चालून ताणतात, म्हणून पहिल्या फेरीनंतर ताण पुन्हा तपासावा.

यातले काहीही आपल्या माणसांना शिकवावे लागत नाही. अडते ते वेळेवर आणि मालावर. गाडी पिट लाइनवर उशिरा येते, सुटायची वेळ मात्र बदलत नाही. स्टोअरमध्ये बेल्टचा संच पूर्ण नसतो. मग दुसऱ्या डब्याचा काढून इथे लावतात आणि वर अहवाल जातो की काम झाले.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. जितके जुने डबे धावतात, त्या प्रमाणात तपासलेले अल्टरनेटर, बेअरिंग आणि बेल्ट डेपोत हवेत. अल्टरनेटर बदलायचा असेल तर त्या कामाला लागणारा वेळ मिळाला पाहिजे. नाहीतर डबा सिक लाइनला काढावा. ठेकेदाराचा कामगार डब्याखाली गेला तरी त्यालाही हेच संरक्षण लागू झाले पाहिजे. सुटा माल नव्हता ही गोष्ट रजिस्टरमध्ये लिहिली गेली पाहिजे, म्हणजे चार्जशीट फिटरच्या नावाने निघणार नाही.

बंधुभगिनींनो, आपल्याकडूनही एक गोष्ट हवी. जे काम झाले नाही त्यावर झाले म्हणून सही करू नका. तशी सही आज साहेबांची अडचण दूर करते आणि उद्या आपल्याच गळ्यात पडते. खरे लिहिणाऱ्या कामगारावर दबाव आला तर त्याने शाखेकडे यावे. संघटना त्याच्या पाठीशी उभी राहील.

कामगार एकजुटीचा विजय असो!