डीजेला तोंड नसतं

(चाकूर इथं जयंतीच्या तयारीसाठी भरलेल्या तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



अध्यक्ष निवडा, पट्टी ठरवा, बॅनरवर कुणाचे फोटो घ्यायचे यावर रात्रभर भांडा. पण त्याआधी एका प्रश्नाचा निकाल लावू. यंदा चौदा एप्रिलला चाकुरात गाणार कोण?

मघाशी मागून कुणी तरी ओरडलं, 'डीजे ठरलाय!' ठरलाय म्हणजे काय? डीजे गातो का? डीजेला छाती आहे, ती धडधडते, तुमच्या-माझ्या बरगड्या हलवते. तोंड नाही. आणि आपली चळवळ तोंडानं वाढलीय.

हंगाम पुढ्यात आहे. ११ एप्रिल जोतिबा, १४ एप्रिल बाबासाहेब, आणि तिथून पुढं आपल्याकडं जयंती संपत नाही, सुरू होते. आज या गावाला, उद्या त्या गावाला. ऊसतोडीवरून माणसं परतायची असतात, कुठं पट्टी उशिरा जमते, कुठं शेजारच्या गावाला पाहुणे म्हणून बोलवायचं असतं. बुद्धपौर्णिमा ओलांडून जयंत्या मे अखेरपर्यंत चालतात. त्यातच १५ मे वामनदादांचा स्मृतिदिन, २७ मे रमाईचा. पावसाळ्यात १ ऑगस्टला अण्णाभाऊ. हिवाळ्यात माळेगावच्या जत्रेत लावणीचे फड, १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटवर गाण्यांचे मंच. लातूर-नांदेड रस्त्यावर उभं राहिलं तर वर्षभर कुठली ना कुठली पार्टी पेटी-ढोलकी घेऊन जाताना दिसेल. दिसायची, म्हणू. कारण आता दिसते ती भिंतीएवढ्या बॉक्सची ट्रक. सप्टेंबरात तिच्यावर गणपती, एप्रिलात बाबासाहेब, मधल्या काळात पाटलाच्या पोराची वरात. तीच ट्रक, तोच दणका.

गायन पार्टी म्हणजे काय हे शहरात क्लास लावलेल्या पोरांना सांगावं लागतं, म्हणून सांगतो. एक गायक, मागं दोघं-तिघं कोरसला, पेटी, ढोलकी, बँजो, अलीकडं ऑक्टोपॅड. दिवसा यातला कुणी गवंडी, कुणी मोंढ्यात हमाल, कुणी ऑटोवाला. आधी वंदना, मग गाणी, मग रंगात आलं की सामना. दोन पार्ट्या समोरासमोर. एकीनं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसरीनं गाण्यातूनच उत्तर द्यायचं. चुकला तर समोर बसलेली म्हातारी उठून दुरुस्त करते. महाडचं तळं २० मार्च १९२७ ला पेटलं हे आपल्या कितीतरी आयांना शाळेनं शिकवलं नाही, कव्वालीनं शिकवलं. पुणे करार काय, धर्मांतर कशासाठी, हे सगळं मंडपात, सतरंजीवर, पोर मांडीवर घेऊन. असं विद्यापीठ कुणी बांधून दिलं नव्हतं.

ही परंपरा कालची नाही. सत्यशोधकांनी जलसे उभे केले, पुढं भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. आणि वामनदादा! १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीला जन्मलेला माणूस. शाळा नाही. मुंबईत आल्यावर, वाढल्या वयात अक्षरं गिरवली आणि मग आयुष्यभर गाणी लिहीत, गात, वस्त्या तुडवीत फिरला. २००४ च्या मे महिन्यात ते गेले, जूनमध्ये प्रल्हाद शिंदे गेले. एकाच उन्हाळ्यात दोन्ही. विठ्ठल उमप तर २०१० साली नागपूरच्या दीक्षाभूमीवर, कार्यक्रमातच कोसळले. ही माणसं मंचावर मरणारी होती. विलास घोगरेनं १९९७ च्या जुलैत, रमाबाईनगरचा गोळीबार झाल्यावर चारच दिवसांनी स्वतःला संपवलं. शाहिराला ती दहा प्रेतं सोसली नाहीत. अशांच्या शब्दांवर आपण नाचतोय, निदान शब्द तरी ऐका.

आता एक बारीक गोष्ट, पण मला तिचा फार राग येतो. आपल्या गाण्याच्या शेवटच्या कडव्यात कवीचं नाव असतं. वामनदादांच्या गाण्यात 'वामन' येतो. ज्याला कागदावर कुणी नाव दिलं नाही, त्यानं ते गाण्यात गोवून ठेवलं. डीजेच्या मिक्समध्ये पहिली ओळ चार वेळा येते, मग दणका, मग पुढचं गाणं. शेवटचं कडवं येतच नाही. म्हणजे कवी कापला! हे कुठल्या सनातन्यानं केलं नाही. आपल्याच पट्टीच्या पैशानं झालं.

तुम्ही म्हणाल, हा म्हातारा पेपरवाल्यांची भाषा बोलतोय. नाही बाबांनो. त्यांना डेसिबल एप्रिलातच सापडतात. ज्या रस्त्यावरून आपल्या बापाला वरात काढता येत नव्हती, त्या रस्त्यावर आवाज करावा वाटणं यात गैर काहीच नाही. मीही नाचलोय. कायदा सगळ्यांना सारखा आहे म्हणतात : २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा भोंगे बंद, वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट. ते दिवस सणवारांत वाटले जातात. आपली जयंती दीड महिन्याची, सूट मिळाली तर एका रात्रीची. मग पहाटेपर्यंत रंगणारा सामना कसा व्हायचा? उपाय आहे. दुपारी चारला बसवा, उन्हात मंडप घाला, सहा तास मिळतात. दहा वाजता भोंगा काढा आणि वस्तीच्या मधोमध गोल करून, हळू आवाजात, उघड्या गळ्यानं गा. वामनदादा कुठं बारा बॉक्स घेऊन फिरत होते?

गावाला भीती दणक्याची नाही. दणक्यावर पाटलाची पोरंही नाचतात. भीती शब्दांची आहे. २०२३ च्या १ जूनला नांदेडजवळच्या बोंढार हवेलीत आपला चोवीस वर्षांचा पोरगा मारला गेला. गावात भीमजयंती काढली याचा राग, असं फिर्यादीत आहे. त्याच जिल्ह्यात १९७८ ला टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे मारले गेले. १९९३ ला नांदेडात गौतम वाघमारेंनी स्वतःला जाळून घेतलं, मग १९९४ ला विद्यापीठाच्या पाटीवर नाव आलं. ही नावं वस्त्यांत राहिली ती कुणाच्या तरी गळ्यातून. बोंढारवर या तालुक्यात गाणं कुणी लिहिलंय? इथं बसलेल्यांपैकी कुणी लिहिणार आहे का? डीजेवाल्याला ते सांगून बघा.

हलगीचं बोलायचं राहिलं, आणि ते कुणाला आवडणार नाही. हलगी गावकीची म्हणून आपल्यातल्या अनेकांनी टाकली. पाटलाच्या दारात, मेलेल्या ढोराच्या बदल्यात वाजवायची हलगी टाकलीच पाहिजे होती. पण मातंगवाड्यातल्या पोरांच्या हातात ती अजून आहे, आणि काय वाजवतात! कातडं जाळावर तापवलं, एक जाड टिपरू, एक बारीक काडी, की अख्खी गल्ली उभी राहते. १ ऑगस्टला ते त्यांच्या वस्तीत, १४ एप्रिलला आपण आपल्या वस्तीत. मधे एक नाली आहे फक्त. लालबावट्याच्या कलापथकात अण्णाभाऊ आणि अमर शेख एका मंचावर उभे राहिले, आणि आपल्याला नाली ओलांडवत नाही? मिरवणुकीपुढं यंदा त्यांची हलगी असू द्या. फुकट नाही. बिदागी ठरवून, आगाऊ देऊन, आणि जेवायला पंक्तीत आपल्या शेजारी.

आणि बायका. कडूबाई खरात एकतारी घेऊन गायल्या आणि मोबाईलवरून घराघरात पोचल्या. मग आपल्या मंचावर बाई फक्त दीप लावायला का? वस्तीत रमाईची गाणी पाठ असलेल्या दहा जणी तरी असतील. त्यांना विचारलं कुणी?

परवा एका जुन्या गायकाकडं गेलो होतो. पेटी पलंगाखाली, वर गोधडी. म्हणाला, 'आता आम्हाला कोण बोलवायलंय बाबा, पोरायला आवाज पाहिजे, गाणं कुठं पाहिजे.' भाता अजून शाबूत आहे. दोन पट्ट्या बसल्यात, लातुरात दुरुस्त होतील.

तर आता मुद्द्याचं. डीजेची सुपारी अजून दिलेली नाही, असं खजिनदार मघाशी म्हणाले. बरं झालं. त्या पैशात दोन पार्ट्या, हलगीवाले आणि पेटीची दुरुस्ती बसते का, हिशोब इथंच मांडा. चांगल्या पार्ट्या मार्चातच बुक होतात. नळेगावकडं उद्या गाडी कोण घेऊन जातंय? हात वर करा.