श्वास, तोल आणि हिशेब
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील भाषण)



पडून हाड मोडलेल्या वृद्धाच्या देयकात शस्त्रक्रियेचा खर्च लिहिता येतो. पुन्हा पडण्याची भीती लिहिता येत नाही. म्हणूनच चीनमधील 'छीगोंग' या व्यायामपद्धतीविषयी आज आम्ही दोन शब्द बोलू इच्छितो.

'छी' म्हणजे प्राणशक्ती, 'गोंग' म्हणजे साधना. चांगशा येथील मावांगदुईच्या इसवी सनपूर्व १६८ मधील थडग्यात १९७३ साली रेशमावरील एक चित्र सापडले. त्यात अशाच व्यायामांच्या ४४ आकृती आहेत. २००३ साली चीनच्या क्रीडा प्रशासनाने चार प्रकार प्रमाणित केले. त्यांपैकी 'बादुआनजिन' केवळ आठ संथ हालचालींचा आहे.

लाभ किती? अमेरिकेतील ऑरेगन राज्यात १९५ कंपवातग्रस्तांवर झालेला अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. छीगोंगशी नाते सांगणारी 'ताई ची' आठवड्यातून दोनदा, २४ आठवडे करणाऱ्यांचा तोल सुधारला. केवळ स्नायू ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ते कमी वेळा पडले.

मात्र छीगोंगने असाध्य रोगही बरे होतात, असे दावे चीनमध्येच १९८० व १९९० च्या दशकांत झाले. न आलेली रक्कम जमेस धरणे हिशेबात चालत नाही, तसे ते उपचारातही चालत नाही. व्यायाम अवश्य करावा; औषध मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून थांबवू नये, एवढीच आमची नम्र विनंती आहे.