किशोरवयातली छातीदुखी

मुलाच्या छातीत दुखलं, की घरच्यांच्या मनात आधी हृदयच येतं… पण किशोरवयात छातीदुखीचं कारण हृदयात क्वचितच असतं. बहुतेकदा ते स्नायूत किंवा बरगडीच्या कूर्चेत असतं. कबड्डीचा सराव, दुधाचा जड कॅन, लांबलेला खोकला… एवढं पुरतं. बोटानं दाबलं की नेमकं तिथेच दुखतं. ही खूण दिलासा देते, पूर्ण खात्री नाही. कधी कारण जळजळ असते, कधी दमा, कधी दहावीची धास्ती. आणि धास्तीचं दुखणं खोटं नसतं, बरं का!

कुणी म्हणेल, मग सरसकट सगळ्यांचा ईसीजीच काढू. शंका रास्त आहे… पण पुन्हा सांगते, हृदयाचं कारण क्वचितच असतं. नको तिथे तपासणी केली, तर भीतीच वाढते. तपासणीआधी विचारा, दुखतं केव्हा? धावताना दुखत असेल, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. शुद्ध हरपली, श्वास घेता येईना, तर अकोले तालुक्यातला डोंगर असो की पाथर्डीचं शिवार… 108 वर फोन करा.

एरवी विश्रांती, कोमट शेक, सावकाश श्वास. दुखणं रेंगाळलं, तर प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. शासकीय शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. ते 18 वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतं. मुलं पथकासमोर गप्प राहतात… छातीत दुखत असेल, तर ते सांगायला मुलांना आदल्या दिवशीच बजावून ठेवा.