कपड्यांवरील तेलाचे डाग



दिवाळीचा फराळ तळताना कढईतून उडालेला थेंब, पंगतीत वाढप्याच्या हातून सांडलेली कटाची आमटी, सायकलच्या साखळीला घासलेला धोतराचा सोगा, अशा निमित्तांची आपल्या घरांत कधीच वाण नसते. परंतु डाग पडताक्षणीच हाताशी असलेल्या तांब्यातले पाणी त्यावर ओतून तो खसाखसा चोळण्याची जी घाई केली जाते, तीच, माझ्या मते, त्या डागाला कापडावर वंशपरंपरेचे वतन लिहून देते. पाण्याने तेल निघत तर नाहीच, उलट चोळण्याने ते तंतूंत खोल मुरते आणि डागाचा घेर वाढतो.

म्हणून प्रथम कपडा पाटावर पसरून डागाखाली जुने स्वच्छ फडके घालावे, वरून टीपकागदाने, मुळीच न घासता, तेल टिपून घ्यावे, आणि त्यावर शंखजिऱ्याच्या पुडीची किंवा ती नसल्यास तांदळाच्या बारीक पिठाची जाडसर रास पसरून तास-दोन तास कपड्याला हात लावू नये. पूड तेल पिऊन ओलसर व काळपट दिसू लागली की ती झटकून नवी घालावी. डाळीच्या पिठाचाही प्रघात आहे. पांढऱ्या कपड्यासाठी मी त्याची शिफारस करणार नाही.

यानंतर साबण. साबणाच्या कणाचे एक टोक तेलाला बिलगते व दुसरे पाण्याशी संधान बांधते, आणि अशा रीतीने सुटलेले तेल सूक्ष्म थेंबांच्या रूपाने पाण्याबरोबर निघून जाते. मात्र विहिरीचे पाणी जड असेल तर साबण फुटून नुसता साका धरतो, तेथे रिठ्याचे पाणी अधिक उपयोगी पडते. सुती कपड्यास कढत पाणी आणि चिमूटभर धुण्याचा सोडा चालतो; रेशीम व लोकर यांना सोडा सर्वथा वर्ज्य.

आमटीच्या डागाला साबण लागताच तो लालभडक होतो, त्याने गांगरून जाऊ नये. तो क्षाराच्या संसर्गाने हळदीला आलेला रंग असतो. तेल निघाल्यावर कपडा कडक उन्हात वाळत घालावा, कारण हळदीचा रंग उन्हापुढे टिकाव धरत नाही. साखळीच्या काळ्या वंगणावर आधी थोडे खोबरेल चोळून ते सैल करावे व मग दोहोंचा समाचार साबणाने घ्यावा. रॉकेल किंवा पेट्रोल यांचा प्रयोग, विशेषतः पेटत्या चुलीच्या घरात, कोणीही करू नये.

ओल्या कापडात तेलाचा डाग दिसेनासा होतो. म्हणून कपडा पुरता वाळवून, उजेडात धरून खात्री केल्यावाचून त्यावर इस्त्री फिरवू नये. जवस, करडई यांसारखी तेले हवेतील प्राणवायू शोषून रोगणासारखी घट्ट होतात, आणि उष्णतेने ही क्रिया फार त्वरेने घडते.

भरजरी शालू किंवा पैठणी यांवर मात्र घरी यांपैकी काहीही करू नये. ती जाणत्या रंगाऱ्याकडे किंवा धुलाईवाल्याकडे न्यावी, आणि देताना डाग कशाचा आहे व केव्हा पडला, हे त्याला आवर्जून सांगावे.