जिमखान्यात जावं की न जावं?



बारावीचा निकाल लागला, की गावोगावची मुलं-मुली तालुक्याच्या, जिल्ह्याच्या कॉलेजात किंवा विद्यापीठात नाव घालायला निघतात. फी भरली, की पावती मिळते. ती हल्ली पुष्कळदा मोबाईलवरच येते. ती पावती एकदा सावकाश वाचून पाहा. शिक्षणाची फी, ग्रंथालयाची फी, परीक्षेची फी, आणि त्याच रांगेत कुठेतरी जिमखान्याची फी. ही रक्कम फार मोठी नसते, पण ती सरसकट सर्वांकडून घेतली जाते. जो रोज मैदानावर जातो तो ती भरतो, आणि जो सबंध तीन वर्षांत तिकडे एकदाही फिरकत नाही तोही भरतो.

आता तुम्ही म्हणाल, ‘पोराला शिकायला धाडलाय, उड्या मारायला नव्हे!’ आईबापांचं हे म्हणणं वावगं नाही. दोन म्हशींचं दूध विकून ज्याची खोली आणि खानावळ भागते, त्याच्या वेळेचा हिशेब घरानं विचारलाच पाहिजे. म्हणूनच आज आपण जिमखान्याच्या जमेची आणि खर्चाची, अशा दोन्ही बाजू मांडून पाहू.

प्रथम जिमखाना म्हणजे काय ते सांगतो. हा शब्द आपल्याकडे इंग्रजी अमदानीत रुळला. मुंबईचा बॉम्बे जिमखाना १८७५ सालचा, पुण्याचा डेक्कन जिमखाना १९०६ सालचा. कॉलेजात मात्र जिमखाना म्हणजे खेळांचा सगळा विभाग: मैदान, कबड्डी आणि खो-खोची क्रीडांगणे, कॅरम-बुद्धिबळाची खोली, व्यायामशाळा आणि या सर्वांवर देखरेख ठेवणारे क्रीडासंचालक. मोठ्या विद्यापीठांत बंदिस्त क्रीडागृह, धावण्याचा मार्ग आणि कुठे कुठे पोहण्याचा तलावही असतो.

जमेची पहिली बाजू शरीराची. पुष्कळांना वाटतं, शेतात राबलेल्या मुलाला व्यायामशाळेचं काय अगत्य? पण तो मुलगा शहरात गेला म्हणजे काय होतं ते पाहा. गावी सकाळी धार काढणं, वैरण आणणं, पाणी धरायला रात्री-अपरात्री रानात जाणं हे सगळं चालू होतं. शहरात दिवस वर्गात, संध्याकाळ खोलीवर, आणि रात्र पुस्तकात नाहीतर मोबाईलवर. कष्ट थांबतात, भूक मात्र जुनीच राहते. शिवाय शेतातलं काम शरीराला एकाच बाजूनं वाकवतं. भांगलणीला बसलेल्या बाईची कंबर काय म्हणते ते तिलाच विचारा. व्यायाम सर्व अंगांना सारखा ताण देतो. कष्ट तसा देतीलच असं नाही.

किती व्यायाम हवा? जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली सांगितलं आहे, की प्रौढ माणसानं आठवड्यात निदान १५० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, आणि आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायामही करावा. १५० मिनिटं म्हणजे तीन संध्याकाळी पन्नास-पन्नास मिनिटं. आठवड्याचे तास १६८. त्यातले अडीच तास दिल्यानं अभ्यास बुडतो, असं कोणी म्हटलं तर ते पटणारं नाही.

दुसरी बाजू मनाची. घर सोडून प्रथमच बाहेर पडलेलं पोर पहिले काही महिने आतून कावरंबावरं असतं. वर्गात बोलायची भीती वाटते, भाषा अडते, कपडे साधे असतात. पण कबड्डीच्या मैदानावर चढाईला गेलेल्या गड्याला कोणी इंग्रजी विचारत नाही. तिथे वेगवेगळ्या तालुक्यांची, वेगवेगळ्या जातींची सात मुलं एका संघात हात धरून उभी राहतात. घाम गाळला, की झोप नीट लागते, चित्त ठिकाणावर राहतं. हरल्यावर समोरच्याचा हात हातात घेणं, हे शिक्षण कुठल्याही पुस्तकात नाही.

तिसरी बाजू संधीची. आंतरमहाविद्यालयीन, मग आंतरविद्यापीठ, अशा पायऱ्या चढत जाणाऱ्या खेळाडूला पुढे पोलिसात किंवा रेल्वेत वाट मिळू शकते. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत पात्र खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असतात. पण ही वाट फार थोड्यांची आहे. नोकरीच्या आशेनं शंभर जण मैदानावर उतरले, तर बहुतेकांना पदवीच्याच आधारानं उभं राहावं लागेल, हे आधीच मनाशी पक्कं असावं.

इथे कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांची आठवण होते. तांबड्या मातीत घडलेला हा मल्ल कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकत होता. कॉलेजच्या वार्षिक क्रीडास्पर्धेत भाग घ्यायला ते गेले, तेव्हा त्यांची किरकोळ अंगकाठी पाहून क्रीडाशिक्षकांनी त्यांना नकार दिला, असं सांगतात. खाशाबा थेट प्राचार्य खर्डेकरांकडे गेले. खर्डेकरांनी परवानगी दिली, आणि या लहानखुऱ्या गड्यानं आपल्याहून थोराड मल्लांना चीत केलं. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. तिथली कुस्ती मातीवर नव्हती, गादीवर होती, आणि गादीची त्यांना सवय नव्हती. १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे अपुरे पडले, तेव्हा खर्डेकरांनी आपलं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

मंडळी, या एकाच हकिगतीत दोन्ही बाजू आहेत. गुण गावच्या आखाड्यातला. त्याला पुढचं दार उघडून मिळालं कॉलेजात. पण त्याच कॉलेजात ते दार आधी बंदही झालं होतं, आणि तेही नुसतं अंगाकडे बघून!

तेव्हा आता खर्चाची बाजू.

पुष्कळ ठिकाणी जिमखाना हा निवडलेल्या संघाचाच होऊन बसतो. मैदान एक, साहित्य थोडं, आणि स्पर्धा जवळ आल्या, की नवख्यानं कडेला उभं राहावं. खेड्यातला मुलगा दोन दिवस उभा राहतो, कोणी विचारत नाही, तिसऱ्या दिवशी येत नाही. मुलींची अडचण याहून जास्त. कपडे बदलायला स्वतंत्र खोली नसली, सरावाची वेळ दिवेलागणीनंतरची असली, आणि परतीची एसटी निघून जाणार असली, तर नियमानं मैदान सर्वांना खुलं असूनही तिला ते बंदच. फी मात्र तिनंही तेवढीच भरलेली असते.

दुसरा धोका वेळेचा. संघात निवड झाली, की सकाळचा सराव, संध्याकाळचा सराव, आणि सामन्यांसाठी परगावी मुक्काम. प्रयोगशाळेतलं काम बुडतं, हजेरी घसरते. शिक्षकांनी सवलत दिली, तरी राहिलेला धडा आपला आपणच शिकावा लागतो.

तिसरा धोका व्यायामशाळेत आहे. शेजारच्यानं उचललं तेवढं वजन आपण पहिल्याच आठवड्यात उचलायला जावं, आणि कंबर धरून बसावं, असं पुष्कळ होतं. त्याहून वाईट म्हणजे झटपट शरीर फुगवण्याचा सोस. डब्यातल्या महागड्या पावडरी कोणी गळ्यात मारतं, पुढे कोणी इंजेक्शन सुचवतं. स्टेरॉइडच्या अशा औषधांनी हृदय आणि यकृत बिघडतं, पुरुषाच्या प्रजननशक्तीवरही घाला येतो. अशा सल्ल्याला स्वच्छ नाही म्हणावं. डाळ, शेंगदाणे, दूध, अंडी, उसळ यांनी बहुतेकांची गरज भागते. मग घरून आलेला पैसा डब्यात का घालावा?

आणि चौथी गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. जिमखाना आपला नसतो, तो तीन-चार वर्षांसाठी मिळालेला असतो. पदवी हातात पडली, ओळखपत्राची मुदत संपली, की यंत्रांची सवय झालेला माणूस गावी येऊन म्हणतो, ‘इथं सोयच नाही!’ आणि व्यायाम सुटतो तो सुटतोच.

मग जावं की न जावं? माझं उत्तर असं, की जरूर जावं, पण घेण्यासारखं घ्यावं. यंत्रावर पळायला मिळालं तर पळा, पण त्याबरोबर जोर, बैठका, सूर्यनमस्कार जाणत्या माणसाकडून बिनचूक शिकून घ्या, कारण त्यांना सतरंजीएवढी जागा पुरते. बॅडमिंटन खेळा, पण कबड्डीचे किंवा खो-खोचे नियमही पंचगिरी करता येईल इतके आत्मसात करा, कारण ही मैदानं चुन्याच्या फकीनं गावातही आखता येतात. जिमखान्यात शिकलेलं जे जिमखान्याबाहेर चालेल, तेच खरं तुमचं.

आईबापांना एवढंच सांगणं, की ‘खेळतोस का?’ म्हणून रागानं विचारू नका. ‘आठवड्यातून किती दिवस जातोस, आणि हजेरी किती आहे?’ असे दोन प्रश्न एकदम विचारा. दोन्हींची उत्तरं ठीक असली, की निर्धास्त राहा.

शिक्षकमित्रहो, तुमचं काम याच्या आधीचं आहे. दाखला हातात देताना मुलाला पावतीतल्या त्या ओळीचा अर्थ समजावून सांगा. पहिल्याच आठवड्यात क्रीडासंचालकांना भेट, आपलं नाव सांग, कोणता खेळ येतो ते सांग, आणि निवड झाली नाही तरी रोजच्या खेळाची वेळ कोणती ते विचार, एवढं त्याच्याकडून वदवून घ्या. मुलींना सांगा, की अडचण असेल तर चार-पाच जणींनी मिळून अर्ज करावा. एकीच्या तक्रारीपेक्षा पाच सह्यांचा कागद लवकर वाचला जातो. आणि सुटीत हीच मुलं गावी आली, म्हणजे शाळेचं मैदान त्यांच्या हवाली करा. शिकून आलेला खो-खो त्यांनी धाकट्यांना शिकवावा. एका मुलाच्या फीत मग साऱ्या गावाची पोरं खेळतील.