वर्गातील पडद्यावरचे अक्षर

(संगणक दूरचित्रवाणी संचास जोडताना घ्यावयाची काळजी : प्राथमिक शिक्षकांच्या केंद्र संमेलनातील भाषण)



आपल्यापैकी पुष्कळांच्या शाळेत आता दूरचित्रवाणी संच आला आहे. कोठे तो शासनाकडून मिळाला, कोठे ग्रामपंचायतीने दिला, कोठे गावकऱ्यांनी वर्गणी काढून घेतला. त्यास संगणक जोडून आपण पाठ दाखवितो, नकाशे दाखवितो, मुलांकडून वाचून घेतो. संच लागला, चित्र उमटले, म्हणजे काम झाले अशी आपली समजूत होते. परंतु चित्र दिसणे निराळे आणि अक्षर वाचता येणे निराळे. ह्या दोहोंतील अंतर कसे नाहीसे करता येईल, एवढाच आजच्या बोलण्याचा विषय आहे.

मराठी अक्षराचा अर्थ लहान खुणांवर अवलंबून असतो, हे आपणांस सांगावयास नको. 'मद' आणि 'मंद', 'रग' आणि 'रंग', 'भाग' आणि 'भांग' ह्यांत फरक तो एका टिंबाचा. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी उच्चारात नसलेले पुष्कळसे अनुस्वार गेले. जे उरले ते अर्थासाठी उरले. पडद्यावर हे टिंब पुसट झाले, तर शेवटच्या ओळीतील मूल 'मंद'च्या जागी 'मद' वाचते. आपण त्यास चूक म्हणतो. दोनचार वेळा असे झाले की ते मूल वाचनात कच्चे आहे अशी नोंद आपल्या मनात होते. वस्तुतः दोष पडद्याचा असतो आणि त्याची शिक्षा मुलास होते. म्हणून चित्र स्वच्छ करणे ही हौसेची बाब नसून अध्यापनाचाच भाग आहे.

दूरचित्रवाणी संच मुळात अक्षरे वाचण्यासाठी घडविला गेला नाही, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. आपल्या देशात दूरचित्रवाणीचा प्रारंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीस झाला. १९६१ पासून दिल्लीच्या शाळांसाठी पाठ दाखविले जाऊ लागले. मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढे १९७५-७६ मध्ये उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत कार्यक्रम पोहोचविण्याचा प्रयोग झाला. त्यात शाळकरी मुलांसाठीही पाठ होते. ह्या सर्व काळात संचाने दाखवावयाची ती माणसे, दृश्ये आणि हालचाली. चेहरा थोडा मऊ दिसला तरी तो ओळखता येतो. अनुस्वार मऊ दिसला तर तो नाहीसाच होतो. चित्रपटासाठी सोयीच्या म्हणून संचात ज्या युक्त्या योजिल्या आहेत, त्याच अक्षरांच्या मुळावर येतात. त्या कोणत्या आणि त्या कशा दूर कराव्या, ते आता क्रमाने पाहू.

पहिली गोष्ट : ठिपक्यास ठिपका

पडद्यावरील चित्र ठिपक्यांचे बनलेले असते. 'फुल एच.डी.' म्हणून जो संच मिळतो त्यात आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात; गुणाकार केल्यास ते २०,७३,६०० भरतात. ३२ इंची 'एच.डी. रेडी' संचांत ते बहुधा १,३६६ गुणिले ७६८ एवढेच असतात. संगणकानेही नेमके तितकेच ठिपके पाठविले, तर प्रत्येक ठिपका आपल्या जागी जाऊन बसतो आणि अक्षराची कड स्वच्छ उमटते.

ठिपक्यांच्या रांगोळीचे उदाहरण घ्या. तेरा ठिपक्यांची रांगोळी तेरा ठिपक्यांवरच उतरते. ती एकोणीस ठिपक्यांवर काढावयास बसलो तर रेषा ठिपक्यांमधून जाऊ लागतात. संगणकाचे तसेच आहे. त्याने १,३६६ ठिपके पाठविले आणि पडद्यावर १,९२० असले, तर एका ठिपक्याच्या वाट्यास सुमारे १.४ ठिपके येतात. अर्धामुर्धा ठिपका पेटविता येत नाही; म्हणून संच शेजारच्या ठिपक्यांचा रंग एकमेकांत मिसळतो. त्यालाच आपण पुसटपणा म्हणतो.

हा दोष आपल्या वर्गांत सर्वांत अधिक आढळतो, आणि त्याचे कारणही साधे आहे. लॅपटॉपचा पडदा आणि संच ह्या दोहोंवर एकच चित्र दाखविण्याची आपल्याला सवय असते. लॅपटॉप १,३६६ ठिपक्यांचा असला की तो संचासही बहुधा तेवढेच ठिपके पाठवितो. उपाय असा : विंडोज असलेल्या संगणकावर विंडोजची कळ दाबून धरून 'पी' ही कळ दाबावी, आणि येणाऱ्या यादीतून 'सेकंड स्क्रीन ओन्ली' हा पर्याय घ्यावा. नंतर 'डिस्प्ले सेटिंग्ज'मध्ये जाऊन 'डिस्प्ले रिझोल्यूशन' ह्या ठिकाणी संचाचा आकडा निवडावा. बहुधा त्याच्यापुढे 'रेकमेंडेड' असे लिहिलेले असते.

येथे दोन अपवाद सांगितले पाहिजेत. काही ३२ इंची संच आपलाच १,३६६ चा आकडा तारेवाटे स्वीकारीत नाहीत. तेव्हा १,९२० आणि १,२८० असे दोन्ही आकडे लावून पाहावे आणि ज्यात अक्षर अधिक सुवाच्य दिसेल तो ठेवावा. दुसरा अपवाद 'फोर के' संचाचा. त्यात ३,८४० गुणिले २,१६० ठिपके असतात. जुना संगणक एवढे ठिपके सेकंदास केवळ ३० वेळा पाठवू शकतो. मग बाण अडखळत चालतो. अशा वेळी १,९२० गुणिले १,०८० हा आकडा निःशंकपणे घ्यावा. तो दोन्ही दिशांनी बरोबर निम्मा आहे. एका ठिपक्याच्या जागी चार ठिपके येतात आणि रांगोळी फारशी बिघडत नाही.

दुसरी गोष्ट : कापलेल्या कडा

पुष्कळ संचांवर संगणकाची वरची ओळ आणि खालची पट्टी अर्धवट दिसते. ह्याचे मूळ जुन्या काचेच्या नळीच्या संचांत आहे. त्या नळीत विजेचा दाब कमी झाला की चित्र आकसे आणि कडेस काळी पट्टी दिसे. ती दिसू नये म्हणून चित्र मुळातच काचेपेक्षा थोडे मोठे पाडीत. आजच्या सपाट पडद्यास ह्याची मुळीच गरज नाही. तरीही ती जुनी रीत अनेक संचांत चालू राहिली आहे.

ह्यात दुहेरी नुकसान होते. कडेचा मजकूर जातो हे एक. उरलेले चित्र ताणले जाते हे दुसरे, आणि अधिक मोठे. रुंदीत शेकडा ५ भाग कापला गेला, तर १,८२४ ठिपके १,९२० ठिपक्यांवर पसरावे लागतात. म्हणजे पहिल्या गोष्टीत साधलेले सर्व वाया जाते. उपाय संचाच्या रिमोटमध्ये आहे. 'पिक्चर साइझ' किंवा 'ॲस्पेक्ट' ह्या सदरात 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट', 'फुल पिक्सेल', 'डॉट बाय डॉट' अशा निरनिराळ्या नावांनी एक पर्याय असतो. नावे भिन्न, अर्थ एकच : चित्र जसे येते तसे दाखवावे. संगणकातून चित्र लहान करून कडा आत आणण्याचा मार्ग शक्यतो घेऊ नये. त्याने कडा परत येतात, पण ठिपक्यांचा मेळ दुसऱ्यांदा मोडतो.

तिसरी गोष्ट : संचाची नको असलेली मदत

'शार्पनेस' ह्या नावावरून वाटते की ते वाढविले म्हणजे अक्षर स्वच्छ होईल. प्रत्यक्षात संच अक्षराच्या कडेभोवती पांढरी छटा ओढतो आणि मात्रा व वेलांट्या एकमेकींत मिसळू लागतात. अक्षराभोवतीची छटा जाईपर्यंत हा आकडा खाली आणावा. 'डायनॅमिक' किंवा 'व्हिव्हिड' ही पद्धत दुकानातील झगमगाटासाठी असते. वर्गात 'स्टँडर्ड' बरी.

रंगांची बाब थोडी सूक्ष्म आहे. मनुष्याच्या डोळ्यास उजेडातील फरक बारीक कळतो, रंगातील तितका कळत नाही. म्हणून चित्रपट पाठविताना उजेड प्रत्येक ठिपक्याचा आणि रंग चार ठिपक्यांमागे एकदाच, अशी काटकसर करतात. संगणकाच्या चित्रावरही काही संच हीच रीत चालवितात. मग निळ्या पार्श्वभूमीवरील बारीक तांबडे अक्षर फाटल्यासारखे दिसते. ज्या जागी तार लावली असेल त्या 'इनपुट'चे नाव बदलून 'पी.सी.' असे ठेवल्यास अनेक संच ही काटकसर सोडून देतात. तथापि सर्वांत खात्रीचा उपाय आपल्या हाती आहे. मजकूर काळ्यावर पांढरा किंवा पांढऱ्यावर काळा लिहावा; रंग चित्रासाठी राखून ठेवावे.

काळा रंग राखाडी दिसत असेल, किंवा काळसर भागातील तपशील बुडून जात असेल, तर संगणक आणि संच ह्यांची मोजमापे जुळत नाहीत असे समजावे. चित्रपटाच्या रिवाजात काळा १६ आणि पांढरा २३५ धरतात. संगणक ० ते २५५ मोजतो. संचातील 'ब्लॅक लेव्हल' किंवा 'एच.डी.एम.आय. रेंज' बदलून दोहोंची मापे एक करावी.

चौथी गोष्ट : तार

तारेविषयी थोडक्यात सांगतो. एच.डी.एम.आय. तारेतून चित्र आकड्यांच्या रूपाने जाते. तार धड असली तर ते जसेच्या तसे पोहोचते. बिघडली तर पडद्यावर चमकणारे ठिपके येतात किंवा चित्र मधूनमधून जाते. महागड्या तारेने अक्षर अधिक रेखीव होत नाही. शाळेचे पैसे तेथे खर्चू नयेत. तार मात्र गरजेपेक्षा लांब घेऊ नये. जुन्या संगणकास केवळ निळ्या टोकाची व्ही.जी.ए. तार लागत असेल तर चित्र थोडे मऊ येणारच, संच व्ही.जी.ए.वर कोणते आकडे स्वीकारतो ते पाहून त्यांतील योग्य तो लावावा. बिनतारी जोडणीत चित्र दाबून पाठविले जाते. गाणे किंवा चित्रफीत दाखविण्यास ती ठीक, वाचनपाठास तारच बरी.

पाचवी गोष्ट : अक्षराचा आकार

एवढे सर्व केल्यावरही शेवटचे मूल वाचू शकेलच असे नाही. स्वच्छता संच देतो. आकार शिक्षकाने द्यावयाचा असतो. निरोगी डोळ्यास ६ मीटरवरून, म्हणजे सुमारे २० फुटांवरून, जे लहानात लहान अक्षर ओळखू येते, त्याची उंची ९ मिलिमीटरांच्या आसपास असते. पण ते दृष्टिपरीक्षेचे अक्षर झाले. सहज वाचनासाठी त्याच्या तिप्पट तरी आकार हवा, म्हणजे सुमारे ३ सेंटिमीटर. त्यावर मात्रा, खाली उकार आणि दोन ओळींमधील मोकळी जागा धरली की एका ओळीस ६ सेंटिमीटर लागतात. ४३ इंची पडद्याची उंची सुमारे ५३ सेंटिमीटर असते. तेव्हा त्यावर आठ ओळींहून अधिक मजकूर घालू नये. ३२ इंची पडदा सुमारे ४० सेंटिमीटर उंच असतो. त्यावर सहा ओळी पुरे. पाठ्यपुस्तकाचे अख्खे पान पडद्यावर घालणे म्हणजे कोणीच न वाचण्याची व्यवस्था करणे होय.

संच खिडकीच्या समोर टांगू नये. उजेडाचे प्रतिबिंब अक्षरे गिळून टाकते. खिडकीशी काटकोनात असलेली भिंत चांगली. मुले अगदी कडेस बसणार नाहीत हेही पाहावे, कारण पुष्कळ पडदे बाजूने फिके दिसतात.

परीक्षेचे चित्र

हे सारे जुळले की नाही हे ओळखण्यासाठी प्रत्येक शाळेने एक परीक्षा-चित्र करून संगणकात ठेवावे. त्याच्या चारही कडांना लागून एक रेषा असावी, मध्यभागी एक वर्तुळ असावे, तीन निरनिराळ्या आकारांत 'मद, मंद, रग, रंग, भाग, भांग' हे शब्द असावे, आणि एक ओळ निळ्यावर तांबडी लिहावी. चारही रेषा दिसल्या तर कडा कापल्या जात नाहीत. वर्तुळाची उंची व रुंदी फूटपट्टीने सारखी भरली तर चित्र एका बाजूस ताणलेले नाही. नकाशे आणि भूमितीच्या आकृत्या दाखविताना ही खात्री अवश्य करावी. तांबडी ओळ अखंड दिसली तर रंग ठीक आहेत.

शब्दांची परीक्षा मात्र संचाजवळ उभे राहून होत नाही. शिक्षकाने शेवटच्या ओळीत, मुले बसतात तसे जमिनीवर बसून ते वाचावे. नंतर तेथेच एकेका मुलास बसवून वाचावयास सांगावे. इतरांस जे वाचता येते ते एखाद्यास येत नसेल, तर त्यास पुढे बसवावे, त्याच्या पालकांस सांगावे आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येईल तेव्हा त्याचे डोळे आवर्जून दाखवावे. ज्याची दृष्टी अधू आहे ते मूल बहुधा स्वतः तक्रार करीत नाही. सर्वांना असेच दिसते असे त्यास वाटत असते. पडद्याची परीक्षा करता करता अशा एका मुलास वेळेवर चष्मा मिळाला, तरी आपले श्रम सार्थकी लागले असे मी म्हणेन.

बंधुभगिनींनो, फळ्यावर लिहिताना अक्षर शेवटपर्यंत दिसते की नाही हे मागे जाऊन पाहण्याची चांगल्या शिक्षकाची रीत जुनी आहे. पडदा हा नवा फळा आहे. रीत तीच चालवावयाची आहे. ह्यासाठी लागणारा वेळ एका दुपारचा, आणि खर्च काहीच नाही. येत्या आठवड्यात आपापल्या शाळेत हे परीक्षा-चित्र लावून पाहावे, आणि जो अनुभव येईल तो पुढील संमेलनात इतरांस सांगावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.